बूट झाल्यावर गप्प राहणारा पेनड्राइव्ह: नेटवर्क ॲडमिनसाठी लिनक्स संच, कामाच्या नोंदी

5 सप्टेंबर

आधी काय हवंय ते लिहून ठेवतो. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की नेटवर्क तपासायची साधनं हाताशी यावीत आणि त्या मशीनच्या डिस्कला हात लागू नये. असे संच बरेच आहेत. क्नॉपिक्स 2000 पासून आहे, जीआरएमएल आहे, 2019 मध्ये जेंटू सोडून आर्चवर गेलेला सिस्टमरेस्क्यू आहे, फेडोरावर उभा असलेला नेटवर्क सिक्युरिटी टूलकिट आहे. हे चांगले आहेत आणि यापुढेही मी ते वापरीन.

मला खटकते ती एकच गोष्ट. लाइव्ह सिस्टिम उठली की सहसा लगेच नेटवर्कवर बोलायला लागते. केबल दिसली की डीएचसीपीने (नेटवर्कचा पत्ता आपोआप देणारी सोय) पत्ता मागते, आयपीव्ही6 चा पत्ता घेते, शेजारी कोण आहे ते विचारते. घरच्या संगणकाला हे ठीक आहे. बिघडलेलं नेटवर्क तपासायला गेलेल्या माणसाला ते महागात पडतं. स्विचच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी (ठरावीक कार्डांनाच परवानगी) असेल तर अनोळखी मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) पहिली फ्रेम येताच पोर्ट बंद होऊ शकतो. शिवाय जे तपासायचं आहे त्यात आपलीच पॅकेट्स मिसळतात. काही संचांत हे बंद करायचा पर्याय आहे, पण तो दर वेळी बूटच्या मेनूत आठवणीने द्यावा लागतो.

म्हणून या संचाचा नियम असा: मी सांगितल्याशिवाय एकही पॅकेट बाहेर जाणार नाही. बाकी सगळे निर्णय या नियमाच्या मागून येतील.

7 सप्टेंबर

पाया डेबियन 13 चा, बांधणी लाइव्ह-बिल्ड या डेबियनच्या साधनाने. आर्चवर कर्नल सतत बदलत राहतो. इथे 6.12 ही दीर्घ मुदतीची मालिका मिळते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. मोजावी लागलेली किंमत म्हणजे 32 बिटची जुनी मशीन्स सुटली. डेबियन 13 मध्ये त्यांच्यासाठी कर्नलच नाही. त्यांच्यापुरती डेबियन 12 ची वेगळी प्रतिमा (पेनड्राइव्हवर लिहायची तयार फाईल) करता येईल, पण दोन प्रतिमा म्हणजे दुप्पट चाचण्या. ते करणार नाही.

बांधणी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. लाइव्ह-बिल्डला रूटचे अधिकार लागतात आणि काम चालू असताना क्रूट फोल्डरच्या (नवी सिस्टिम जिथे बनते तो फोल्डर) आत प्रॉक, सिस असे कर्नलचे फोल्डर माउंट केलेले असतात. बिल्ड मध्येच पडला आणि ते फोल्डर कोणी घाईत आरएम या आज्ञेने पुसलं, तर यजमान मशीनचंही नुकसान होऊ शकतं. पुसायला नेहमी लाइव्ह-बिल्डचीच 'एलबी क्लीन' ही आज्ञा वापरा.

उतरवलेली पॅकेजेस लाइव्ह-बिल्ड स्वतःच्या कॅश फोल्डरमध्ये ठेवतो. एलबी क्लीनला पर्ज दिलं तर तीही जातात आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. मी पुढे ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजेस जपून ठेवणारा सर्व्हर) बसवलं. त्यानंतर बिल्डचा बराचसा वेळ फक्त दाबणीला लागतो.

8 सप्टेंबर

आकार कमी राहावा म्हणून ॲप्टची (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) 'रेकमेंड्स' म्हणजे शिफारशी बंद करून पहिली प्रतिमा बांधली. ती बूट झाली, लॉगिनची ओळ आली, पण लॉगिन काही होईना. लाइव्ह वापरकर्ता तयार करायचं काम यूझर-सेटअप पॅकेजचं असतं. ते आणि सुडू (रूटचे अधिकार वापरू देणारी आज्ञा), दोन्ही केवळ शिफारस म्हणून येतात, त्यामुळे शिफारशी बंद केल्या की ती गळतात. दोन्ही नावं पॅकेज यादीत स्वतः घातली. शिफारशी बंद ठेवणं तरीही फायद्याचं वाटतं, कारण त्यामुळे यादीत जे लिहिलं आहे ते आणि त्याला अपरिहार्य असलेलंच आत येतं. गप्प राहायचं असेल तर आत काय आहे हे माहीत असायलाच हवं.

10 सप्टेंबर

एका जुन्या सर्व्हरवर नेटवर्क कार्ड दिसलंच नाही. ब्रॉडकॉमचं कार्ड, ड्रायव्हर बीएनएक्स2. ड्रायव्हर लोड झाला होता, पण त्याला लागणारं फर्मवेअर प्रतिमेत नव्हतं. डेबियन 12 पासून फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात असतं. तो विभाग जोडला, बीएनएक्स2, बीएनएक्स2एक्स, रिअलटेक आणि इंटेल वायफायचं फर्मवेअर घेतलं. ग्राफिक्स कार्डांचं मोठं फर्मवेअर वगळलं, इथे सगळं काम टर्मिनलवरच आहे.

13 सप्टेंबर

आज खरं काम सुरू झालं. 'सिस्टिम गप्प आहे' असं नुसतं म्हणून भागत नाही, ते मोजता आलं पाहिजे. क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) फिल्टर-डम्प नावाची सोय आहे: व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क कार्डातून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट ते पीकॅप (पकडलेल्या पॅकेट्सच्या) फाईलमध्ये लिहितं. ही नोंद मशीनच्या बाहेर होते, त्यामुळे आतल्या सिस्टिमवर विश्वास ठेवावा लागत नाही. प्रतिमा बूट करायची, काही मिनिटं थांबायचं, मशीन बंद करायचं आणि फाईल उघडायची.

एक खाच आहे. क्यूईएमयूचं आतलं नेटवर्क स्वतःहूनही राउटरच्या घोषणा पाठवतं आणि त्याही फाईलमध्ये उतरतात. म्हणून व्हर्च्युअल मशीनला ठरावीक मॅक पत्ता द्यायचा आणि फक्त त्या पत्त्यावरून निघालेल्या फ्रेम मोजायच्या. उत्तर शून्यच आलं पाहिजे.

पहिल्या फेरीत शून्याच्या आसपासही नव्हतं. डीएचसीपी डिस्कव्हर, म्हणजे पत्त्याची पहिली मागणी, होतंच. त्याच्या जोडीला आयपीव्ही6 चा आपला पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना हे तपासणारी विचारणा, मल्टिकास्ट गटांचे अहवाल, राउटरला घातलेल्या हाका. आणि एलएलडीपीडीने (स्विच आणि शेजारी मशीनशी ओळखीची देवाणघेवाण करणारी सेवा) पाठवलेली आमची स्वतःची ओळख.

14 ते 17 सप्टेंबर

एकेक आवाज बंद करत गेलो. सगळ्यात जास्त वेळ डीएचसीपीने खाल्ला.

इंटरफेसेस फाईल (नेटवर्क कार्डांची मांडणी इथे असते) रिकामी करून इन्क्लूड्स फोल्डरमधून प्रतिमेत घातली होती. बांधलेली प्रतिमा उघडून पाहिली तर फाईल रिकामीच. बूट केल्यावर मात्र तिच्यात प्रत्येक कार्डासाठी डीएचसीपीची ओळ. शोधाअंती कळलं की लाइव्ह-बूट (लाइव्ह सिस्टिम सुरू करणारा भाग) इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच ही फाईल नव्याने लिहितो. त्यावरचा उपाय बूटच्या ओळीत आहे: 'आयपी=फ्रॉममीडिया'. हे दिलं की लाइव्ह-बूट नेटवर्कची मांडणी सोडून देतो आणि प्रतिमेतलीच फाईल वापरतो. कोणी असाच संच बांधत असेल तर ही ओळ पहिल्या दिवशीच घालावी.

डीएचसीपी क्लायंटही नीट निवडावा लागला. डेबियनमध्ये 'डीएचसीपीसीडी' या पॅकेजबरोबर सेवा येते आणि ती सगळ्या इंटरफेसवर धावते. 'डीएचसीपीसीडी-बेस'मध्ये फक्त आज्ञा आहे. मला बेस हवं होतं.

आयपीव्ही6 बंद करायला बरेच जण 'आयपीव्ही6.डिसेबल=1' देतात. त्याने अख्खा थरच नाहीसा होतो आणि नंतर आयपीव्ही6 तपासायचं असेल तर पुन्हा बूट करावं लागतं. त्याऐवजी 'आयपीव्ही6.डिसेबल_आयपीव्ही6=1' द्यावं. थर जागेवर राहतो, पण कोणत्याही इंटरफेसला पत्ता मिळत नाही, म्हणून आवाजही होत नाही. हवं तेव्हा सिसकंट्रोलने (कर्नलची मांडणी बदलणारी आज्ञा) एका इंटरफेसपुरतं उघडता येतं.

एलएलडीपीडी मला हवाच होता. आपली केबल कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टात आहे हे कळायला त्याच्याइतकी सोपी वाट नाही. पण तो ऐकतो तसा बोलतोही. '-आर' दिल्यावर फक्त ऐकतो. '-सी' दिल्यावर सिस्कोची सीडीपी ही तशीच ओळख-पद्धतही समजते. ठरलेल्या मांडणीत स्विच एलएलडीपी दर 30 सेकंदांनी आणि सीडीपी दर 60 सेकंदांनी पाठवतो, म्हणजे साधारण मिनिटभर शांत बसलं की स्विचचं नाव, पोर्ट आणि बहुतेकदा व्हीलॅनही (एकाच स्विचवरचा वेगळा आभासी नेटवर्क-भाग) समोर येतं. आपण एक बाइटही न पाठवता.

वायफायसाठी 'आरएफकिल.डिफॉल्ट_स्टेट=0'. रेडिओ बंदच उठतात, त्यामुळे जवळपासच्या नेटवर्कची विचारपूस करणाऱ्या फ्रेमही जात नाहीत.

18 सप्टेंबर

सेवांचा प्रश्न वेगळा आहे. डेबियनमध्ये सेवा असलेलं पॅकेज बसवलं की ती सेवा सहसा चालू अवस्थेतच येते. संचात डीएनएसमॅस्क (डीएचसीपी आणि डीएनएस देणारा) आणि टीएफटीपी (फाईली देणारा) सर्व्हर आहेत, कारण फर्मवेअर अर्धवट राहिलेला स्विच किंवा ॲक्सेस पॉइंट पुन्हा जिवंत करायला ते लागतात. पण दुसऱ्याच्या नेटवर्कवर आपण चुकून डीएचसीपी सर्व्हर म्हणून उत्तर देऊ लागलो, तर दुरुस्तीला गेलेला माणूसच बिघाड होऊन बसतो.

एसएसएच सर्व्हरचंही (दुरून लॉगिन करू देणारा) तसंच. डेबियन लाइव्हचा वापरकर्ता 'यूझर' आणि पासवर्ड 'लाइव्ह' हे जगजाहीर आहे आणि सुडूला पासवर्ड लागत नाही. अशा स्थितीत पोर्ट 22 उघडा ठेवून अनोळखी नेटवर्कवर उभं राहणं मला मान्य नाही. सर्व्हर बंद राहील, चालू करताना संच आधी नवा पासवर्ड मागेल.

हुकमध्ये (बिल्डच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) या सेवा मास्क म्हणजे पूर्ण बंद करणारी यादी लिहिली. अशा यादीचा धोका असा की उद्या कोणी नवं पॅकेज घातलं की ते यादीत नसतं. म्हणून दुसरी चाचणी जोडली: बूट झाल्यावर 'एसएस' या आज्ञेने ऐकणारे पोर्ट पाहायचे, एकही उघडा असला तर बिल्ड नापास.

दोन्ही चाचण्या आता प्रत्येक बिल्डला आपोआप होतात. व्हर्च्युअल मशीनवर शून्य पॅकेट्स आली.

20 सप्टेंबर

खऱ्या मशीनवर शून्य नाही.

स्विचच्या मिरर केलेल्या पोर्टवर (दुसऱ्या पोर्टवरच्या पॅकेट्सची प्रत इथे येते) पाहिलं तर आमची प्रतिमा चालू होण्याआधीच डीएचसीपीची मागणी जात होती. ती मदरबोर्डच्या फर्मवेअरची होती: बूटच्या क्रमात नेटवर्क वर असेल तर पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची सोय) आधी प्रयत्न करतो. सर्व्हरवर आणखी एक स्रोत आहे. बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी बोर्डावरची स्वतंत्र चिप) मुख्य कार्डाचाच पोर्ट वाटून घेत असेल तर त्याची स्वतःची पॅकेट्स त्याच केबलवरून जातात. या दोन्हींवर पेनड्राइव्हचा काहीही अधिकार नाही.

जे आपल्या हातात नाही ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, असं ठरवलं. प्रतिमेच्या पहिल्याच पडद्यावर आता लिहिलं आहे: लॉगिनची ओळ आल्यावर केबल लावा. मार्गदर्शिकेतही हे सगळ्यात वर आहे.

22 सप्टेंबर

दोन छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या, 'ऐक' आणि 'बोल'.

'ऐक' इंटरफेस वर आणते, पण पत्ता देत नाही आणि एआरपीही (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारी विचारणा) बंद ठेवते. मग एलएलडीपी-सीडीपीतून स्विच, दिसलेले व्हीलॅन टॅग, एआरपीत दिसलेले पत्ते आणि स्पॅनिंग ट्रीची (स्विचमधले फेरे टाळणारी पद्धत) रूट ब्रिज कोण, एवढं दाखवते. कितीतरी तक्रारींचा उलगडा एवढ्यावरच होतो: केबल भलत्याच पोर्टात आहे, पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये आहे.

'बोल' मात्र इंटरफेसचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही. ती डीएचसीपीसीडीला फक्त आयपीव्ही4 पुरतं चालवते आणि उत्तर मिळालं नाही तर 169.254 चा पत्ता आपला आपण घेऊ देत नाही. होस्टनेम ओळखता येईल असं ठेवलं आहे, मॅक पत्ता बदलत नाही. दुसऱ्या ॲडमिनला त्याच्या लॉगमध्ये आपण कोण आहोत हे सरळ दिसलं पाहिजे. शांत राहायचं ते लपण्यासाठी नव्हे.

बोलायला लागल्यावरही नको ते आवाज असतात. टीसीपीडम्पला (पॅकेट्स पकडणारी आज्ञा) '-एन' दिलं नाही तर तो दिसेल त्या पत्त्याचं नाव डीएनएसला विचारत सुटतो आणि त्याच शंका पुन्हा पकडलेल्या पॅकेट्समध्ये येतात. म्हणून '-एन' कायमचा अलियसमध्ये (आज्ञेचं ठरवलेलं रूप) घातला. एमटीआरलाही (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) तसंच.

इंटरफेसच्या नावांवरून बराच विचार केला. 'नेट.इफनेम्स=0' दिलं की ईटीएच0 अशी सोपी नावं येतात, पण चार पोर्टांच्या सर्व्हरवर कोणता पोर्ट 0 होईल याची खात्री नसते. लांब नावं तशीच ठेवली आणि 'ऐक'मध्ये 'इथटूल -पी' (नेटवर्क कार्डाची आज्ञा) जोडलं. त्याने निवडलेल्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. रॅकच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला याहून उपयोगी काही नाही.

26 सप्टेंबर

पकडलेली पॅकेट्स ठेवायची कुठे? लाइव्ह सिस्टिममध्ये मूळ फाइल सिस्टिमवर लिहिलेलं सगळं रॅममध्ये जातं. डेबियन 13 मध्ये टेम्प फोल्डरही रॅममध्येच आहे. गर्दीच्या लिंकवर पीकॅप फाईल काही मिनिटांत रॅम भरते आणि अख्खी सिस्टिम अडकते.

प्रतिमा पेनड्राइव्हवर लिहिल्यावर उरलेल्या जागेत तिसरा विभाग केला. तो एक्सफॅट ठेवला, कारण नंतर तो कोणत्याही संगणकात उघडता यावा आणि फॅट32 ची एका फाईलला 4 जीबीची मर्यादा नको.

मग टीसीपीडम्पने लिहायला नकार दिला, तोही रूट म्हणून चालवल्यावर. त्याची दोन कारणं एकात एक गुंतलेली निघाली. पहिलं, डेबियनचा टीसीपीडम्प कार्ड उघडल्यावर रूटचे अधिकार सोडतो आणि 'टीसीपीडम्प' नावाचा वापरकर्ता होतो. फाईल त्यानंतर उघडतो. एक्सफॅटमध्ये फाईलनिहाय मालकी नसते, माउंट करताना दिली तीच. '-झेड रूट' देऊन सुटता येतं, पण अधिकार सोडणं ही चांगली सवय आहे. म्हणून माउंटच्याच वेळी मालकी त्या वापरकर्त्याला दिली.

तरी काही फाईली लिहिल्या जात, काही नाही. दुसरं कारण ॲपआर्मर (प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणारं सुरक्षा-कवच). टीसीपीडम्पच्या प्रोफाइलमध्ये लिहायची परवानगी फाईलच्या शेपटावरून ठरते: पीकॅप किंवा कॅप चालतं, 'डम्प' असं काही दिलं तर नाही. संदेश दोन्ही वेळा एकच, 'परमिशन डिनाइड'. आता 'पकड' नावाची स्क्रिप्ट नाव स्वतः देते आणि '-सी 100 -डब्ल्यू 20'ने फिरत्या फाईली लिहिते. जास्तीत जास्त 2 जीबी होतात, त्यानंतर सगळ्यात जुनी पुसली जाते.

त्याच स्क्रिप्टमध्ये जीआरओ, एलआरओ आणि टीएसओ (वेग वाढवणाऱ्या कार्ड-कर्नलच्या सोयी) बंद करायचं इथटूल आहे. ते चालू असताना कार्ड आणि कर्नल पॅकेट्स जोडून देतात आणि 1500 च्या एमटीयूवर (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) कितीतरी मोठी पॅकेट्स दिसतात. एमटीयूचा घोळ शोधणाऱ्याची त्याने पूर्ण दिशाभूल होते.

27 सप्टेंबर

वेळ. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ असते, लिनक्स ती यूटीसी समजतो. पकडलेल्या पॅकेट्सवर वेळक्षेत्राइतका फरक पडतो आणि स्विचच्या लॉगशी काही जुळत नाही. बोर्डावरची बॅटरी संपली असेल तर वर्षच चुकतं आणि टीएलएसची प्रमाणपत्रं नाकारली जातात. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं) आपोआप चालवणं नियमात बसत नाही. 'पकड' आता सुरुवातीला वेळ दाखवून विचारते: बरोबर आहे का? हा प्रश्न वगळता येत नाही.

30 सप्टेंबर

सिरीयल कन्सोल. स्क्रीन नसलेल्या मशीनसाठी मेनूत वेगळी ओळ: आधी 'टीटीवाय0', मग 'टीटीवायएस0,115200एन8'. शेवटी दिलेला कन्सोल मुख्य ठरतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. उलट बाजूने, स्विचला जोडायला पिकोकॉम (सिरीयल टर्मिनलचा प्रोग्राम). एफटीडीआय, पीएल2303, सीपी210एक्स आणि सीएच341 या यूएसबी-सिरीयल चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. वापरकर्ता डायलआउट गटात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) हवा, ते बूटच्या ओळीतून दिलं.

एसएनएमपीचे (उपकरणांची स्थिती विचारायची पद्धत) एमआयबी, म्हणजे आकड्यांना नावं देणाऱ्या फाईली, डेबियनच्या मुख्य विभागात नाहीत, परवान्यामुळे. संचात आकड्यांचेच ओआयडी (प्रत्येक माहितीचा क्रमांक) वापरतो. ज्याला नावं हवीत त्याने एमआयबी तिसऱ्या विभागात ठेवावेत, तिथून ते वाचले जातात.

3 ऑक्टोबर

एक्सझेड दाबणीने प्रतिमा लहान होते, पण जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक आज्ञा उघडायला वेळ लागतो. झेडस्टँडर्डने ती थोडी फुगली आणि वापर हलका झाला. बीएमसीच्या व्हर्च्युअल मीडियावरून बूट करणाऱ्यांना मात्र प्रत्येक एमबी जाणवतो, कारण तिथे सगळं नेटवर्कवरून संथ गतीने येतं. त्यांच्यासाठी एक्सझेडचीही प्रतिमा ठेवतो. ही एकाच यादीतून निघते, त्यामुळे चाचण्या वाढत नाहीत.

'टूरॅम' दिलं की सगळं रॅममध्ये येतं आणि पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशीनला लावता येतो. अर्थात मग 'पकड'ला तिसरा विभाग मिळत नाही. स्क्रिप्ट आता तो नसेल तर चालूच होत नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही केलेलंच बूट होऊ देणारी सोय) शिम आणि सही केलेल्या ग्रबमुळे (दोन्ही बूट सुरू करणारे प्रोग्राम) चालतं. मेमटेस्टवर (रॅम तपासणारा प्रोग्राम) अशी सही नाही, त्यामुळे मेनूतली ती ओळ सिक्युअर बूट बंद केल्यावरच चालते. ओळीतच तसं लिहिलं आहे.

6 ऑक्टोबर

प्रतिमा लोकांना द्यायची म्हणजे सोर्सही द्यायचा. जीपीएल आवृत्ती 2 प्रमाणे बायनरी वाटणाऱ्यावर जुळणारा सोर्स देण्याची जबाबदारी असते, 'डेबियनकडे आहे' एवढ्याने ती संपत नाही. लाइव्ह-बिल्डला 'सोर्स ट्रू' दिलं की सोर्सची वेगळी फाईल तयार होते. ती प्रतिमेहून बरीच मोठी आहे आणि चढवायला अख्खी संध्याकाळ गेली, तरी ती प्रत्येक आवृत्तीबरोबर ठेवणार. एनमॅप (नेटवर्क चाचपणारं साधन) 7.90 पासून स्वतःच्या परवान्याखाली आहे, संच एखाद्या विक्रीच्या उत्पादनात घालणाऱ्याने तो आधी वाचावा.

पॅकेजेस स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्गवरच्या ठरावीक तारखेला बांधली आहेत, म्हणजे कोणीही तीच पॅकेजेस घेऊन प्रतिमा पुन्हा बांधू शकेल. सही, एसएचए256 आणि आवृत्त्यांसह पॅकेजची यादी सोबत आहे. फिल्टर-डम्पची पीकॅप फाईलही प्रत्येक आवृत्तीबरोबर ठेवतो. ती उघडून दिलेल्या मॅक पत्त्यावर गाळणी लावा. एकही फ्रेम दिसली तर ती फाईल आणि मशीनचं मॉडेल माझ्याकडे पाठवा.

राहिलेलं काम: एआरएम64 ची प्रतिमा, आणि 802.1एक्स (ओळख पटल्यावरच पोर्ट उघडणारी पद्धत) असलेल्या पोर्टवर 'बोल'ला प्रमाणपत्र कसं द्यायचं. पुढची नोंद 802.1एक्सची.